काळ्या बाईला विचारून आखलेलं आरोग्य धोरण : अमेरिकेतला एक लांबलेला झगडा

रानजाई (धागाकर्ती)

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ४ बाय १०० मीटर रिलेचं सुवर्ण अमेरिकेने घेतलं. टियाना बार्टोलेटा, ॲलिसन फेलिक्स, इंग्लिश गार्डनर, टोरी बोवी. चौघीही काळ्या. पुढच्या सात वर्षांत यातल्या तिघींना दिवस गेले. फेलिक्सचं बीपी ३२ व्या आठवड्यात इतकं चढलं की तातडीने सिझर करावं लागलं. बार्टोलेटा २६ व्या आठवड्यातच बाळंत झाली आणि मरता मरता वाचली. बोवी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. वय ३२, आठवा महिना. शवविच्छेदनात एक्लॅम्प्सियाची, म्हणजे बीपी वाढून झटके येण्याची शक्यता नोंदवली आहे.

आता या तिघींना 'व्यायाम करत नसतील, खाण्यावर ताबा नसेल' असं कोण म्हणणार?

२०२३ चे सरकारी आकडे असे : दर एक लाख जिवंत जन्मांमागे अमेरिकेत गोऱ्या बायकांचे मातामृत्यू १४.५, काळ्या बायकांचे ५०.३. साडेतीन पट. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, काळ्या बायकांचा आकडा ६९.९ वर गेला होता. मला जास्त हलवून गेला तो दुसरा एक आकडा. सीडीसीने (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) २००७ ते २०१६ ची दहा वर्षं तपासली, तर पदवीधर काळ्या बायकांचं गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण पदवीधर गोऱ्या बायकांच्या ५.२ पट निघालं. एवढंच नाही, शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा पदवी घेतलेली काळी बाई जास्त धोक्यात. म्हणजे 'शिका, सुधारा, दवाखान्यात वेळेवर जा' हा सल्ला तिने पाळला, तरी ती सुटली नाही.

हे आज आकड्यांनी सिद्ध होतंय. पण काळ्या स्त्रीवादी कार्यकर्त्या हे पन्नास वर्षं सांगत आल्या आहेत, आणि नुसतं सांगत नाहीत, त्यातून धोरणं घडवत आल्या आहेत. त्यांच्याबद्दल मराठीत फार वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

बिली एव्हरी यांच्यापासून सुरुवात करते. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावी १९७४ साली त्यांनी मैत्रिणींबरोबर बायकांचा दवाखाना काढला. लवकरच लक्षात आलं की गोऱ्या बायका नेहमीच्या तपासण्यांना येतात आणि काळ्या बायका बहुतेक गर्भपातापुरत्याच. मग बाकीच्या वेळी त्या जातात कुठे? एव्हरींनी सरळ बायकांनाच विचारायला घेतलं. जून १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली. हजाराहून जास्त बायका आल्या. त्यातून नॅशनल ब्लॅक विमेन्स हेल्थ प्रोजेक्ट उभं राहिलं, आज ते ब्लॅक विमेन्स हेल्थ इम्परेटिव्ह नावाने चालतं.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. आठ-दहा बायका गोल करून बसायच्या आणि बोलायच्या. तज्ज्ञ नाही, तक्ते नाहीत. यातून जे वर आलं ते कुठल्याही सरकारी आरोग्य कार्यक्रमात नव्हतं. रक्तदाब, मधुमेह, आहार याबद्दल बायकांना माहिती होती. पण त्यांच्या मते त्यांचा सर्वात मोठा आरोग्यप्रश्न होता मारहाण आणि लैंगिक अत्याचार. लहानपणी घरात झालेले, नंतर नवऱ्याकडून होणारे. घरी मार खाणाऱ्या बाईला 'मीठ कमी खा' हे पत्रक देऊन तिचं बीपी उतरणार आहे का? धोरण कुठून सुरू होतं याला महत्त्व आहे ते इथे.

दुसरा टप्पा १९९४, शिकागो. क्लिंटन सरकारची आरोग्य विमा योजना चर्चेत होती. बारा काळ्या बायका एका बैठकीच्या निमित्ताने एकत्र आल्या आणि त्यांनी 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस', म्हणजे प्रजनन न्याय ही मांडणी केली. वॉशिंग्टन पोस्टमध्ये पानभर निवेदन छापलं, खाली आठशेहून जास्त सह्या. तोवर अमेरिकेतली मुख्य स्त्रीवादी चळवळ गर्भपाताच्या हक्काभोवती फिरत होती. या बारा जणींनी सांगितलं की आम्हाला तीन हक्क हवेत : मूल न होऊ देण्याचा, मूल होऊ देण्याचा, आणि झालेलं मूल सुरक्षित वस्तीत वाढवण्याचा. लॉरेटा रॉस त्यांच्यातल्या एक. १९९७ मध्ये सिस्टरसाँग ही संघटना याच पायावर उभी राहिली.

'मूल होऊ देण्याचा हक्क' वेगळा मागावा लागला, कारण तो हिरावला गेला होता. मिसिसिपीच्या नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर १९६१ साली गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि न विचारता पिशवीच काढून त्यांना घरी पाठवलं. हे इतकं सर्रास होतं की दक्षिणेत त्याला 'मिसिसिपी अपेंडेक्टॉमी' असं कडवट नावच पडलं होतं. १९७३ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत मिनी ली आणि मेरी ॲलिस रेल्फ या १४ आणि १२ वर्षांच्या बहिणींची नसबंदी झाली. सरकारी पैशाने चालणाऱ्या दवाखान्यात. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलींना इंजेक्शनं द्यायची आहेत अशा समजुतीत तिने कागदावर फुली मारली. निशाणी अंगठ्याचे कागद आपल्यालाही नवे नाहीत. खटल्यात न्यायमूर्ती गेसेल यांनी नोंदवलं की सरकारी योजनांखाली दरवर्षी एक ते दीड लाख गरिबांची नसबंदी होतेय, आणि काहींना 'ऐकलं नाहीत तर मदत बंद' अशी धमकी दिली गेली होती. पुढे नियम आले : सरकारी पैशाने नसबंदी करायची तर २१ वर्षं पूर्ण हवीत, समजेल अशा भाषेत संमती हवी, आणि संमतीनंतर ३० दिवस थांबायचं. या नियमांसाठी पोर्तोरिकन डॉक्टर हेलन रॉड्रिग्ज-ट्रियास यांच्यासारख्या बायका काळ्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून लढल्या.

दुसरीकडे १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, गर्भपाताचा खर्च बंद केला. थोडक्यात, नसबंदीला पैसे आहेत, गर्भपाताला नाहीत. अशा बाईला 'निवड तुझी' म्हणणं ही थट्टा आहे.

आणखी बरंच लिहायचं आहे, पण आधी तुमचं ऐकते.

---

पानगळ

वाचतेय. रिलेचं माहीत नव्हतं. सेरेना विल्यम्सचं वाचलं होतं, २०१७ च्या बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळी झाली आणि स्कॅन करा म्हणून तिलाच मागे लागावं लागलं, ते. एवढी मोठी खेळाडू, तिचं नर्सने आधी ऐकलं नाही, तर सामान्य बाईचं काय!

---

सरळरेषा

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण हल्ली प्रत्येक गोष्टीत वंश आणि जात आणायची फॅशन झाली आहे. काळ्या लोकांत रक्तदाब, स्थूलता जास्त आहे. काही आनुवंशिक असेलच. बाळंतपणात गुंतागुंत होणारच. यात डॉक्टरांचा वर्णद्वेष कुठून आला? शिवाय महाराष्ट्रातला मातामृत्यू दर ३३ आहे असं मध्यंतरी वाचलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या बाईपेक्षा आपली मेळघाटातली बाई सुखी म्हणायची का?

---

स्टेथो_ह्यूस्टन

मी इथे टेक्सासमध्ये प्रसूतितज्ज्ञ आहे. दोन मुद्दे.

आधी आकड्यांबद्दल. ३३ हा महाराष्ट्राचा २०१८-२० चा नमुना पाहणीतला सरासरी आकडा आहे. मेळघाट त्या सरासरीखाली झाकला जातो. आणि मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे ५०.३ शेजारी ३३ ठेवू नका. अमेरिकेचा आकडासुद्धा वादातीत नाही. २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर 'गरोदर होती का' अशी चौकट आली, हळूहळू सगळ्या राज्यांनी ती घेतली, आणि चुकीच्या खुणांमुळे आकडा फुगला. २०२४ मध्ये काही संशोधकांनी ती चौकट बाजूला ठेवून, दाखल्यावर कारण म्हणून बाळंतपण लिहिलं आहे तेवढेच मृत्यू मोजले, तर एकूण दर लाखामागे दहाच्या आसपास आला आणि वीस वर्षांत फारसा वाढलेला दिसला नाही. पण काळ्या-गोऱ्यांतली दरी त्याही मोजणीत राहिली. तेव्हा रानजाईंचा मूळ मुद्दा शाबूत आहे.

दुसरं, आनुवंशिकता. शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये इलिनॉयमधल्या जन्मांचा अभ्यास केला होता. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या बायकांच्या बाळांची वजनं अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायकांच्या बाळांच्या जवळ होती. अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या बायकांची बाळं मात्र हलकी. दोष जनुकांचा असता तर उलट दिसायला हवं होतं. आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये 'वेदरिंग'ची कल्पना मांडली ती याच्याशी जुळते : वर्षानुवर्षं ताण, अपमान, असुरक्षितता सोसून शरीर वयाआधी झिजतं.

बाकी 'सगळे डॉक्टर वर्णद्वेष्टे' असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणत असेल तर मला ते सोपं उत्तर वाटतं. गडबड अनेकदा आमच्या साधनांतच असते. सिझरनंतर नॉर्मल प्रसूती जमेल का हे सांगणारं एक गणित आम्ही वर्षानुवर्षं वापरायचो. त्यात बाई काळी किंवा लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, आहे असं टाकलं की यशाची शक्यता आपोआप कमी यायची, मग दुसरंही सिझरच. कुणी वाईट वागत नव्हतं, गणितच तसं होतं. २०२१ मध्ये त्यातून वंश काढला.

---

रानजाई

@स्टेथो_ह्यूस्टन, फार छान प्रतिसाद. मोजणीचा मुद्दा तुम्हीच आणलात हे बरं झालं.

@सरळरेषा, डॉक्टरांच्या समजुतींबद्दल एक उदाहरण. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली. 'काळ्यांची कातडी जाड असते', 'त्यांच्या मज्जातंतूंची टोकं कमी संवेदनशील असतात' अशी खोटी विधानं त्यांच्यापुढे ठेवली. गोऱ्यांपैकी निम्म्या जणांना यातलं किमान एक तरी खरं वाटलं. या समजुती आल्या कुठून ते बघायचं तर मॉन्टगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात जावं लागतं. जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने योनीमार्गाच्या फिस्टुलावरची, म्हणजे बाळंतपणात पडलेल्या छिद्रावरची, शस्त्रक्रिया गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा करून पाहिली. अनार्का, लूसी, बेट्सी ही तिघींची नावं तेवढी मागे उरली. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. सिम्स 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' ठरला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला आणि २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत या तिघींचं शिल्प उभं राहिलं.

---

निळी_पहाट

मी नागपूरची. हे वाचताना परकं वाटतच नाही. दलित पँथर १९७२ मध्ये निघाली तेव्हा नावापासून प्रेरणा तिकडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेची होती, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ब्लॅक पँथरवाल्यांनी फुकट दवाखाने चालवले, १९७१ मध्ये वस्त्यांतून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सुरू केली, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. 'सरकारला आमच्या रक्ताची फिकीर नाही, तर आम्हीच तपासतो' अशी त्यांची भूमिका. सिकलसेल काय असतो ते आम्हा विदर्भातल्यांना विचारा. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत आदिवासी आणि आमच्या समाजात तो आहे. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान आलं २०२३ मध्ये. त्याच्या आधी कितीतरी पोरी 'रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे' ऐकत मोठ्या झाल्या.

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रिया वेगळं का बोलतात यावर जे लिहिलं, त्यात काळ्या स्त्रीवादाचा संदर्भ आहेच. पण आपल्याकडे ती चर्चा विद्यापीठात राहिली, आरोग्य खात्यापर्यंत गेली नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं घ्या. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींची चाळिशीच्या आत. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, खासगी दवाखान्यात 'कॅन्सर होईल' अशी भीती घालतात. फुली मारणारी ती आई आणि ही फडावरच्या कोपीतली (झोपडीतली) बाई, मला तरी दोघी एकाच रांगेत दिसतात.

---

सरळरेषा

बीडचं मान्य. ते भयानक आहे. पण तो गरिबीचा प्रश्न आहे. गरीब गोऱ्या बाईलाही त्रास होतोच की. मग धोरण उत्पन्नावर आखा, सगळ्यांचं भलं होईल.

---

वकीलसाहेबा

उत्पन्नावर आखून चालत नाही, याचं कायद्यातलं उदाहरण देते. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये १९८९ पासून एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने पोलिसांशी संगनमत करून गरोदर बायकांची लघवी त्यांना न सांगता कोकेनसाठी तपासायला सुरुवात केली. सापडली की अटक. काही जणींना बाळंतपणानंतर लगेच बेड्या. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ काळ्या होत्या. कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता बरं का! सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फर्ग्युसन खटल्यात ही तपासणी घटनाविरोधी ठरवली.

आणि उलट बाजूने, १९७६ चा जनरल मोटर्सविरुद्धचा खटला. काळ्या बायका म्हणाल्या, आम्हाला डावलतात. कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्यात (गोऱ्या), काळे घेतलेत (पुरुष), मग भेदभाव कसला? कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी', म्हणजे वंश आणि लिंग असे भेदभाव एकमेकांत गुंततात ही कल्पना, मांडली ती याच खटल्याचा दाखला देऊन. आरोग्याचे तक्तेही असेच असतात : एका रकान्यात बायका, दुसऱ्यात काळे. काळी बाई दोन्हीकडून गळते.

---

शाळामास्तरीण

न्यू जर्सीत शाळेत शिकवते. विषय बायकांचा चाललाय, पण मुलींचंही लिहा कुणीतरी. नाहीतर मीच लिहिते.

जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या केंद्राचा २०१७ चा एक अहवाल आहे. पाच वर्षांच्या वयापासूनच मोठ्यांना काळ्या मुली गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात. त्यांना आधाराची, सांभाळण्याची गरज कमी, लैंगिक गोष्टी जास्त कळतात, असं लोक धरून चालतात. मी हे रोज बघते. पोटात दुखतंय म्हणून एक मुलगी आली तर 'आईला फोन करू का बाळा', दुसरी आली तर 'तासाला दांडी मारायचीय ना'. दुसरी कोण ते सांगायला नकोच. आणि हे शाळेपुरतं नाही. २०१५ च्या एका अभ्यासात अपेंडिक्सच्या तीव्र दुखण्याने इमर्जन्सीत आलेल्या काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा खूपच कमी वेळा जोरकस वेदनाशामक दिलं गेल्याचं निघालं.

दुसरी गोष्ट केसांची. हसू नका. सरळ केस म्हणजे नीटनेटकं, या समजुतीमुळे लहान वयापासून मुलींच्या डोक्याला रसायनं लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये ३३ हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. वापरणाऱ्यांत बहुसंख्य काळ्या. कार्यकारण अजून पक्कं नाही, पण एवढं दिसल्यावर काय करायला हवं? त्यातल्या फॉर्माल्डिहाइडवर बंदीचा प्रस्ताव अन्न-औषध प्रशासन पुढे ढकलतच राहिलं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा करून केसांवरून भेदभावाला मनाई केली, मग बऱ्याच राज्यांनी. लोकांना तो केशरचनेचा कायदा वाटतो. मला तो आरोग्याचा कायदा वाटतो.

---

थेम्सकाठी

मी लंडनजवळ मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) आहे. इथे तर एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा, सगळं फुकट, तरीही काळ्या बायकांचे मातामृत्यू २०१८ च्या राष्ट्रीय अहवालात गोऱ्यांच्या पाचपट होते. अलीकडे ते प्रमाण तिपटीच्या आत आलंय, पण दरी आहेच. म्हणजे @सरळरेषा, विमा फुकट केला, उत्पन्नाचा प्रश्न बराचसा बाजूला केला, तरी उरतं ते हे. फाइव्ह एक्स मोअर ही दोन काळ्या आयांनी २०१९ मध्ये सुरू केलेली मोहीम. १ लाख ८७ हजारांवर सह्या झाल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये संसदेत चर्चा घ्यावी लागली. तोवर आमच्या खात्यात हा विषय कुजबुजीपुरताच होता.

एक प्रश्न. अमेरिकेत पूर्वी काळ्या सुइणी असायच्या ना? त्यांचं काय झालं?

---

रानजाई

@थेम्सकाठी, या प्रश्नाची वाटच बघत होते.

दक्षिणेत त्यांना 'ग्रॅनी मिडवाइफ' म्हणत. गुलामगिरीच्या काळापासून आईकडून मुलीकडे, आत्याकडून भाचीकडे आलेली विद्या. काळ्या बायकांची आणि कितीतरी गरीब गोऱ्या बायकांचीही बाळंतपणं त्याच करत. डॉक्टर शेतमजुराच्या खोपटात येत नसे आणि वर्णभेदी रुग्णालयात प्रवेश नसे. सुईण मात्र रात्री-अपरात्री मैलोनमैल चालत यायची. बाळंतपणानंतर काही दिवस घरात राहून स्वयंपाक, धुणं, मोठ्या पोरांचं सगळं बघायची. पैसे नसतील तर कोंबडी, मका, जे असेल ते.

१९२१ मध्ये शेपर्ड-टाउनर कायदा झाला. माता-बालकांसाठी केंद्र सरकारचा पहिला मोठा निधी. चांगलाच होता तो. पण त्याच पैशातून राज्यांनी सुइणींची नोंदणी, प्रशिक्षण आणि देखरेख सुरू केली. पांढरा गणवेश, ठरावीक सामानाची पिशवी, आणि नर्स येऊन पिशवी उघडून तपासणार : आत परवानगी नसलेली मुळी-पाला तर नाही ना. स्वच्छता वाढली यात शंका नाही. सुइणींनी ते शिकूनही घेतलं. जॉर्जियातल्या मेरी कोली या काळ्या सुइणीवर राज्याच्या आरोग्य खात्याने १९५३ मध्ये प्रशिक्षणासाठी माहितीपट काढला, इतकं त्यांचं काम वाखाणलं गेलं. आणि मग? अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून त्यांचे परवानेच संपवत आणले. शिक्षण दिलं, गणवेश दिला, शेवटी घरी बसवलं. त्यांना यंत्रणेत सामावून घ्यायचा मार्ग होता, तो कुणी घेतला नाही. पुढे गावाकडची प्रसूतिगृहंही तोट्यात म्हणून बंद होत गेली. आता कित्येक काउंट्यांत (जिल्ह्यांत) ना सुईण, ना डॉक्टर.

म्हणून आज ब्लॅक मामाज मॅटर अलायन्ससारख्या संघटना डूला (बाळंतपणात सोबत आणि आधार देणारी बाई) आणि काळ्या मिडवाइफचा आग्रह धरतात, त्यामागे हा हिशेब आहे. काढून घेतलेलं परत मागणं चाललंय. ओरेगन आणि मिनेसोटा या राज्यांनी डूलाचे पैसे मेडिकेडमधून द्यायला सर्वांत आधी सुरुवात केली. पण सुरुवातीचे दर इतके तुटपुंजे की पूर्णवेळ हे काम करून पोट भरणं कठीण. आपल्या आशाताईंचं मानधन आठवलं ना?

---

पानगळ

आशाताईंचं आठवलंच! बरं, मग प्रत्यक्ष कायद्यात काय मिळवलं या सगळ्यांनी? नाहीतर चळवळी नुसत्या परिषदा घेतात असं म्हणायला लोक मोकळे.

---

रानजाई

सगळ्यात मोठं मिळालं ते मेडिकेडच्या मुदतीचं. अमेरिकेत चाळीस टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं मेडिकेडवर होतात, काळ्या बायकांची तर साठ टक्क्यांहून जास्त. पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांनी हा विमा कित्येकींचा तुटायचा. आणि मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या समित्यांनी २०१७ ते २०१९ चे मृत्यू तपासले तर निम्म्याहून जास्त हे प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून वर्षभरात झालेले निघाले. हृदयाचे स्नायू दुबळे होणं, गुठळ्या, आत्महत्या, अमली पदार्थांचा अतिरेक. म्हणजे धोका चालू असतानाच विमा बंद. २०२१ च्या कोविड मदत कायद्यात राज्यांना ही मुदत १२ महिने करायची सोय मिळाली, पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती कायमची झाली, आणि जवळपास सगळ्या राज्यांनी ती घेतली. रिपब्लिकन राज्यांनीसुद्धा. यामागे लॉरेन अंडरवुड आणि अल्मा ॲडम्स या दोन काळ्या खासदारांनी एप्रिल २०१९ मध्ये काढलेल्या गटाचा मोठा हात आहे. अंडरवुड स्वतः नर्स. सीडीसीत काम करणारी त्यांची मैत्रीण शॅलन अर्विंग २०१७ च्या जानेवारीत बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी गेली. वय ३६. आरोग्यातल्या विषमतेचाच अभ्यास करायची ती.

त्यांचं 'मॉमनिबस' नावाचं विधेयकांचं गाठोडं मात्र २०२० पासून अडकलंय. त्यातलं एकच विधेयक, माजी सैनिक असलेल्या मातांचं, नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा झालं. सैनिक म्हटलं की हात वर होतात. घर, पाणी, वाहतूक, तुरुंगातल्या गरोदर बायका हे विषय आले की अडतं.

जे मिळालं त्यातलं मला सर्वांत कमी पटतं ते पूर्वग्रहांवरचं प्रशिक्षण. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ते सक्तीचं केलं. २०२३ मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी अहवाल दिला, तेव्हा कळलं की त्यांच्या कार्यालयाने विचारपूस सुरू करेपर्यंत बहुतेक रुग्णालयांनी ते सुरूही केलं नव्हतं. आणि केलं तरी काय, कॉम्प्युटरवर तासाभराचा कोर्स, शेवटी पाच प्रश्न, प्रमाणपत्र. स्वस्तातलं समाधान.

---

स्टेथो_ह्यूस्टन

प्रशिक्षणाबद्दल १०० टक्के सहमत. तसा कोर्स मी जेवता जेवता केलाय. याउलट, 'बीपी १६० च्या वर गेलं की तासाभरात औषध' आणि 'रक्तस्राव अंदाजाने न सांगता वजन करून मोजा' हे नियम आले तेव्हा खरा फरक पडला, कारण मग बाई कोण आहे यावर माझा अंदाज अवलंबून राहत नाही. फक्त एक पुस्ती : हे नियम रुग्णालयात आल्यावरचे. घरी डोकं दुखतंय म्हणून फोन करणाऱ्या बाईला 'पॅरासिटामॉल घ्या' म्हणून परत झोपवलं, तर माझा नियम तिच्यापर्यंत पोचतच नाही.

---

सरळरेषा

वाचतोय. एनएचएसच्या मुद्द्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. तरीही धोरण सर्वांसाठी असावं या मतावर मी आहे.

---

रानजाई

@सरळरेषा, १२ महिन्यांचा विमा सर्वांसाठीच आहे की. गोरी, लॅटिना, आदिवासी, सगळ्यांना मिळतो. नसबंदीची ३० दिवसांची अटही सर्वांना लागू. मागणी ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होत होतं त्यांच्याकडून आली, एवढंच.

---

निळी_पहाट

मला विचारायचं होतं की मृत्यू झाल्यावर चौकशी कशी करतात तिकडे? आपल्याकडे मातामृत्यू झाला की घरी जाऊन नातेवाइकांना विचारायची पद्धत आहे. फॉर्म भरतात. पण प्रत्यक्षात सासरच्यांपुढे माहेरचं कोणी बोलत नाही, आणि खासगी दवाखान्याचं नाव तर कोणी घेतच नाही.

---

रानजाई

तिकडे राज्याराज्यात समित्या आहेत. २०१८ च्या कायद्याने त्यांना केंद्राचा निधी मिळाला. प्रत्येक मृत्यूची कागदपत्रं तपासायची आणि टाळता आला असता का ते ठरवायचं. ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते, असा निष्कर्ष याच समित्यांचा. काही राज्यांत त्या कुटुंबीयांशीही बोलतात. कागदांत 'रुग्ण सहकार्य करत नव्हती' लिहिलेलं असतं, आणि बहीण सांगते की ती तीन वेळा ओरडून बोलावत होती.

पण या समित्यांनाही धक्का बसू शकतो. जॉर्जियात २०२२ मध्ये गर्भपातबंदी लागू झाल्यावर अँबर थर्मन ही २८ वर्षांची काळी आई गेली. गर्भपाताच्या गोळ्यांनंतर जंतुसंसर्ग झाला होता. पिशवी साफ करायची नेहमीची प्रक्रिया रुग्णालयात सुमारे २० तास झाली नाही. राज्याच्या समितीने हा मृत्यू टाळता आला असता असं ठरवलं. समितीतली ही गोपनीय माहिती २०२४ मध्ये पत्रकारांपर्यंत पोचली, बातम्या आल्या. नोव्हेंबरात राज्याने समितीतल्या सगळ्या सदस्यांना काढून टाकलं. कोणी फोडलं ते कळेना, म्हणून सगळेच.

नातेवाइकांच्या मुलाखती आपल्याकडे कशा होतात यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? गडचिरोली आणि बीड दोन्हीकडचं लिहाल तर फार बरं.

---

निळी_पहाट

काढते. आमच्या तालुक्यातल्या एक निवृत्त एएनएम ताई आहेत, आधी त्यांच्याशी बोलून घेते. दिवाळीनंतर टाकेन.